जास्त उंचावरून नाही, शिडीवरून

पितृपक्ष संपून घटस्थापना झाली की आमच्या ऑर्थोच्या वॉर्डात पेंटर लोक दाखल व्हायला लागतात. दिवाळीच्या आत रंग काढून हवा असलेली घरं पुण्यात किती असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे, त्यांत तुमचंही असेल. पाऊस ओसरलेला, भिंती जरा कुठे सुकलेल्या, हातात जेमतेम महिना, आणि प्रत्येक घरात लक्ष्मीपूजनाच्या आधी सगळं सामान जागच्या जागी हवं असतं. त्या दिवसांत फिजिओथेरपिस्ट म्हणून मी ज्यांच्या खाटेशी जाते, त्यांत मोठ्या साइटवरून पडून आलेले असतात तसे राहत्या फ्लॅटमध्ये पडून आलेलेही असतात. नातेवाइकांना विचारलं, किती उंचीवरून पडले, की उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. "जास्त नाही मॅडम, शिडीवरनं. आठ-धा फूट असंल."

हे "जास्त नाही" ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण ते बोलणाऱ्याला पुढे काय वाढून ठेवलंय ते माहीत नसतं आणि मला माहीत असतं. विसाव्या मजल्यावर काम करणाऱ्याला निदान सगळे सांगतात की बाबा, पट्टा लाव. दहा फुटांवर उभ्या असलेल्याला कोणी काही सांगत नाही. तो स्वतःही सांगत नाही. ती उंची कोणाच्या हिशेबातच नाही.

दहा फूट म्हणजे साधारण तीन मीटर. तेवढ्यावरून खाली यायला पाऊण सेकंदाहून जरासा जास्त वेळ लागतो आणि जमिनीला टेकताना अंगाचा वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाने कोणाची स्कूटर भिंतीवर आदळली तर आपण त्याला तडक सीटी स्कॅनला नेतो. शिडीवरून पडलेल्याला मात्र हळद-दूध देऊन झोपवतात आणि दोन दिवसांनी, सूज उतरत नाही म्हणून, दवाखान्यात आणतात.

शिडी मागे सरकली की वरचा माणूस बऱ्याचदा उभ्याचा उभा खाली येतो आणि टाचांवर उतरतो. टाचेच्या हाडाला बाहेरून पातळ कवच असतं आणि आत सगळी जाळी. वरून घोट्याचं हाड त्यात घुसतं आणि टाच आडवी पसरते. तळव्यावर निळा-काळा डाग उमटतो. तो डाग दिसला की एक्स-रे यायच्या आधीच आम्हाला कळतं. मग फोड येतात. सूज इतकी असते की ऑपरेशनसाठी कातडीला पुन्हा सुरकुत्या पडेपर्यंत थांबावं लागतं, आणि त्यात आठवडा, कधी दोन आठवडे जातात. त्यानंतर दोन-तीन महिने त्या पायावर भार टाकायचा नाही. रोजावर जगणाऱ्या माणसाला हे सांगताना मी नेहमी त्याच्या बायकोकडे बघते, कारण हिशेब तिच्या डोक्यात आधी सुरू होतो.

टाच मोडलेल्याची पाठ तपासल्याशिवाय त्याला सोडायचं नाही, हे आम्हाला कॉलेजात पहिल्यापासून बजावलेलं असतं. पाठ्यपुस्तकं सांगतात की अशा दहा जणांत साधारण एकाचा कमरेकडचा मणकाही दबलेला असतो, आणि टाचेच्या कळेपुढे तो बोलतही नाही.

बरी झालेली टाच कशी असते तेही सांगते. घोट्याखालचा जो सांधा पाऊल आत-बाहेर कलतं करतो, तो आखडतो. सपाट फरशीवर माणूस छान चालतो. दगडगोट्यांवर, शेताच्या बांधावर, शिडीच्या गोल दांडीवर पाऊल ठरत नाही. मी त्याला वॉर्डाच्या कॉरिडॉरमध्ये चालता करते, आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, शिडीवर कधी चढू? घर चालायचं ते तिच्यावरच.

२०२२ च्या दसऱ्याच्या आठवड्यात आलेल्या एका पेंटरदादांबद्दल लिहिते. त्यांना विचारून लिहितेय, नाव देत नाही. लातूर जिल्ह्यात निलंग्याजवळ गाव, वय ३५, बरीच वर्षं पुण्यात रंगकाम. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉलमध्ये बीमच्या कडेला पुट्टी भरायची राहिली होती. त्यांच्याकडे ॲल्युमिनियमचा घोडा होता, म्हणजे दोन्ही बाजूंना पाय फाकवून आपली आपण उभी राहणारी शिडी. पण घरातलं सगळं सामान, सोफा, शोकेस, डायनिंग टेबल, हॉलच्या मधोमध ओढून झाकलेलं. घोडा उघडायला जागाच नव्हती. मग तो मिटलेलाच भिंतीला टेकवला. फरशी नवी, गुळगुळीत, आणि तिच्यावर डाग पडू नयेत म्हणून घरच्यांनी प्लास्टिक अंथरायला लावलेलं. घोड्याच्या पायांचे रबरी बूट कधीच झिजून गेलेले. एका हातात पुट्टीचं भांडं, दुसऱ्या हातात पट्टी. शिडी धरायला हात उरलाच नाही.

मिटलेला घोडा भिंतीला टेकवला की त्याचे पाय जमिनीवर पूर्ण बसत नाहीत, नुसती कड टेकते. ती कड प्लास्टिकवर, प्लास्टिक गुळगुळीत फरशीवर. जोडीदार दुसऱ्या खोलीत प्रायमर कालवत होता. आवाज आला तेव्हाच त्याला कळलं.

"अंगठा हलत होता, ताई. मी सोताच्या डोळ्यानं बघितला." हे वाक्य दादांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की त्यातला शब्द न् शब्द पाठ झालाय. पडल्यावर पाय जाणवत होते, पाठ फार दुखत होती. घरातले धावले, जोडीदार धावला, वॉचमन वर आला. सगळे माणुसकीनेच धावले. एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने पाय धरले, उचलून खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं. खुर्चीसकट लिफ्टमध्ये मावेनात म्हणून पाठुंगळीला घेऊन जिन्याने उतरवलं आणि रिक्षात दोघांच्या मध्ये बसवलं. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा अंगठा हलत नव्हता.

छातीचा बारावा मणका फुटला होता आणि त्याचा तुकडा मागे मज्जारज्जूच्या वाटेत शिरला होता. शिडीवरून पडणाऱ्यांचा मणका पुष्कळदा इथेच जातो. वरचे मणके बरगड्यांच्या पिंजऱ्यात जखडलेले असतात, कमरेचे मोकळे हलतात, आणि जिथे जखडलेलं संपून मोकळं सुरू होतं तिथे सगळा दाब एकवटतो. पडतानाच किती इजा झाली आणि पाठुंगळीवर किती वाढली, हे कोणालाच ठरवता येणार नाही, मीही ठरवत नाही. पण काखेत आणि पायांत धरून माणूस उचलला की त्याची पाठ नेमकी त्याच जागी दुमडते, हे खरं आहे.

म्हणून हे नीट वाचा. उंचावरून पडलेल्या माणसाला उठवू नका, बसवू नका. "ऊठ, ऊठ, काही झालं नाही" म्हणू नका. जिथे पडलाय तिथेच राहू द्या. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं आणि मान स्थिर धरायची आणि त्याच्याशी बोलत राहायचं. पायाची बोटं हलतात का, स्पर्श कळतो का, हे विचारून लक्षात ठेवा. डॉक्टरांना ते सांगितलंत तर फार उपयोग होतो. पाणी, चहा काही देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही सेवा आहे, फुकट आहे, गाडीत स्ट्रेचर असतो आणि डॉक्टर असतो. गाडी येणं शक्यच नसेल, हलवावंच लागणार असेल, तर चार-पाच माणसं लागतात. डोकं, खांदे, कंबर, पाय एका रेषेत ठेवून सगळ्यांनी एका हाकेवर त्याला कुशीवर करायचं, खाली फळी सरकवायची, परत पाठीवर आणून फळीला बांधायचं. रंगकाम चाललेल्या घरात फळी असतेच. पेंटर रोज तिच्यावरच उभे असतात.

ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं. मणका स्क्रू आणि सळ्यांनी बांधला. खर्च सुरू झाला तो त्यानंतर, हवेची गादी, कॅथेटर, डायपर, गावाहून जाण्यायेण्याची गाडी. माझं कामही तिथूनच सुरू झालं.

कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, दिवसा आणि रात्रीही. नाहीतर माकडहाडावर, टाचांवर जखमा होतात. दाब त्याला कळतच नाही, आपण कूस बदलतो तशी त्याची आपोआप बदलत नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत असे रुग्ण बहुतेक याच जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक मँडेविलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी वळवण्याची शिस्त बसवली, रुग्णांना खेळायला लावलं, आणि असा माणूस पुढे अनेक वर्षं जगू शकतो हे जगाला दिसलं. आमच्या वॉर्डात ती शिस्त वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने पाळली. मोबाइलवर दोन-दोन तासांचा गजर. शेजारच्या खाटेवरच्या आजी पहिले काही दिवस कुरकुरल्या, नंतर गजर झाला की त्याच वहिनींना हलवून उठवायच्या.

लघवीसाठी दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं असतं. दादांचे हात शाबूत होते, त्यामुळे ते स्वतः शिकले. पहिल्या दिवशी त्यांनी पडदा ओढून घेतला, तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाले, ताई, तुम्ही बाहेर थांबा, ब्रदरला पाठवा. मी थांबले. चार दिवसांनी शेजारच्या वॉर्डात आलेल्या तशाच एका पोराला तेच समजावून सांगत होते.

बसणं सगळ्यात अवघड गेलं. आपण पोटाच्या, पाठीच्या स्नायूंवर बसतो, हे ते स्नायू जाईपर्यंत कळत नाही. दोन्ही हात गादीवर टेकवून ते बसायचे, एक हात उचलला की कलंडायचे. मी मागे गुडघ्यावर बसून खांदे धरायचे, समोर प्लास्टिकचे छोटे कोन ठेवायचे, दादांनी ते एकेक उचलून डावीकडून उजवीकडे न्यायचे. वहिनी पायथ्याशी उभ्या राहून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "ताई, ह्ये नुसते बसते झाले तरी मला बास. बसले म्हंजे मी रोजगाराला जाईन." मला तोवर वाटत होतं की त्या चालण्याची वाट बघताहेत.

आता पैशांचं. हे मी मुद्दाम विस्ताराने लिहितेय, कारण वॉर्डात दर वेळी हे कोणीतरी समजावून सांगावं लागतं.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून तो नव्या कामगार संहितांत घेतला आहे. बांधकामाच्या खर्चाच्या एक टक्का उपकर घेतला जातो, तो महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. १८ ते ६० वयाचा, गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केलेला कोणीही कामगार तिथे नोंदणी करू शकतो. यात पेंटरही येतात, फक्त गवंडी आणि बिगारी नाही. नोंदणी असेल आणि कामावर मृत्यू झाला तर घरच्यांना ५ लाख, ७५ टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व आलं तर २ लाख मिळतात. दादांची नोंदणी नव्हती. ९० दिवसांचा दाखला कोण देणार? आज या घरात, परवा त्या घरात, एकही मालक ९० दिवसांचा नाही. ठेकेदाराखेरीज ग्रामसेवक किंवा महापालिकेकडूनही हा दाखला घेता येतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि १९९६ च्या त्या कायद्यात एक सूट होती. स्वतःच्या राहत्या घराचं काम काढणाऱ्या आणि ज्याचा एकूण खर्च १० लाखांपेक्षा जास्त नाही अशा व्यक्तीला तो लागू होत नव्हता. म्हणजे तुमच्या-माझ्या घरातलं दिवाळीचं रंगकाम त्याच्या बाहेर. तिथे कोणी सुरक्षा अधिकारी येत नाही, कोणी शिडी तपासत नाही. तिथे त्या माणसाकडे बघणारे फक्त आपणच असतो.

दुसरा कायदा भरपाईचा, १९२३ चा. आता हा भाग २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला आहे. दादांच्या वेळचा हिशेब असा होता. कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पगार कितीही असो, १५,००० च्या वर धरत नाहीत. ३५ व्या वर्षाचा आकडा १९७.०६. गुणाकार केला की १७,७३,५४० रुपये होतात. वहिनींनी माझ्या फोनवर तो गुणाकार पुन्हा करून बघितला.

पाय गेले म्हणजे संपूर्ण अपंगत्व कसं, हात तर चांगले आहेत, असं कोणी म्हणेल. त्यावर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल देऊन ठेवलाय. ओडिशात जयपूर नावाचं गाव आहे, तिथे एका सिनेमागृहात नक्षीकाम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून गेला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्या कामापुरतं त्याचं अपंगत्व पूर्ण धरलं गेलं. पेंटरचे पाय गेले तर तो कशावर उभा राहून रंग देणार? हा निकाल मला एका कामगार संघटनेच्या वकिलांनी सांगितला, तेव्हापासून मी तो वॉर्डात सगळ्यांना सांगते.

पण दावा झाला नाही. ठेकेदार म्हणजे वहिनींचा चुलतभाऊ. त्यानेच दादांना पुण्याला आणलेलं. काम तोच घ्यायचा आणि स्वतःही ब्रश घेऊन भिंतीशी उभा राहायचा. सतरा लाख त्याच्याकडून कुठून निघणार? दावा लावला तर माहेर तुटणार. दोन वर्षांच्या आत दावा करता येतो हे मी सांगितलं होतं. ती मुदत केव्हाच उलटून गेली, आणि वहिनींचा निर्णय मला कधीही चुकीचा वाटला नाही. चूक त्या व्यवस्थेची आहे, जिने सगळी जबाबदारी उतरत उतरत तिच्या चुलतभावावर आणून सोडली.

अजून एक गोष्ट मला सतत दिसते आणि तिने जीव जळतो. कॅज्युअल्टीत केसपेपरवर पहिली ओळ असते, कसं लागलं. तिथे कितीतरी वेळा "घरी जिन्यावरून पडले" असं लिहिलेलं सापडतं. सोबत आलेला मुकादम किंवा ठेकेदार वाटेतच शिकवतो, पोलिसांची भानगड नको, खर्च मी करतो. पहिली दोन-चार औषधं तो आणतोही. नंतर फोन उचलत नाही. मग तीच एक ओळ भरपाईच्या वाटेत उभी राहते, कारण कामावर पडल्याचा कागदच नसतो. तुमच्या ओळखीचं कोणी पडलं आणि तुम्ही सोबत असाल, तर कुठे, कोणत्या कामावर, कशावरून पडले, हे खरं खरं लिहून घ्या आणि केसपेपरचा फोटो काढून ठेवा.

माणसं पडतात का, याबद्दल मी खूप जणांशी बोललेय. बहुतेक जण शिडी मोडली म्हणून पडलेले नसतात. हात आणखी वीतभर लांबवला म्हणून पडलेले असतात. कोपऱ्यात एवढासा भाग राहिलेला असतो. खाली उतरून, शिडी हातभर सरकवून, पुन्हा चढायला मिनिट-दोन मिनिटं जातात. काम उक्तं घेतलेलं, दर चौरस फुटावर. दिवसाला अशा साठ-सत्तर चढ-उतारी वाचवल्या तर एक भिंत जास्त होते. म्हणून माणूस एका पायावर येतो, कमरेतून वाकतो, दुसरा पाय हवेत. पोटाची बेंबी शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर गेली की समजा तो पडायला आलाय. हे दारात उभं राहून कोणालाही दिसतं, त्यासाठी इंजिनियर लागत नाही.

बायकांचं तर बोलायलाच नको. साइटवर बिगारी काम करणाऱ्या बायका डोक्यावर घमेलं घेऊन बांबूची शिडी चढतात. एक हात घमेल्याला, एक शिडीला, साडीचा काठ पायात. शिडीवर दोन पाय आणि एक हात, नाहीतर दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम हवेत. डोक्यावर ओझं असताना ते होऊच शकत नाही. एक कप्पी आणि दोर लावला की विटा, माल वर जातो. ती कप्पी का लावत नाहीत हे मी एका सुपरवायझरला विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही, कारण उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. बाईचा रोज स्वस्त पडतो.

शिडीचं शास्त्र फार मोठं नाही. भारतीय मानक ब्युरोची आयएस ३६९६ नावाची संहिता आहे, तिचा दुसरा भाग फक्त शिड्यांवर आहे. भिंतीला टेकवायची शिडी चार फूट वर टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून एक फूट लांब हवा. गच्चीवर चढायची असेल तर कडेच्या वर मीटरभर उरायला हवी, म्हणजे उतरताना धरायला मिळते. वरचं टोक बांधायचं. बांधता येत नसेल तर खाली एकाने धरून उभं राहायचं, आणि त्याने फोन बघायचा नाही. टेकवलेल्या शिडीच्या वरच्या तीन आणि घोड्याच्या वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. लाकडी शिडीला रंग देऊ नये, तडे झाकले जातात. तेल किंवा वॉर्निश चालतं. ॲल्युमिनियमची शिडी विजेच्या तारांजवळ न्यायचीच नाही, आणि जुन्या पेठांतून गॅलरीच्या हाताशी तारा असतात हे आधी बघायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, शिडी चढायला असते. तिच्यावर उभं राहून तासन्‌तास काम करायचं असेल तर पायाखाली रुंद फळी आणि कमरेला कठडा पाहिजे.

आमच्या सोसायटीच्या २०२३ च्या वार्षिक सभेत मी हाच विषय मांडला. सोसायटीने एक प्लॅटफॉर्म शिडी विकत घ्यावी, वर उभं राहायला फळी आणि तीन बाजूंना कठडा असलेली, फ्लॅटच्या दारातून आत जाईल अशी. ज्याच्या घरी रंगकाम त्याने ती वापरायला द्यावी. खजिनदारांनी विचारलं, तिच्यावरून कोणी पडलं तर जबाबदारी सोसायटीची का? मी म्हटलं, आज आपल्या घरात जो पडतो त्याची जबाबदारी कोणाची आहे? बराच वाद झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी, ज्यांच्याकडे त्याच महिन्यात काम निघणार होतं, पहिली वर्गणी जाहीर केली आणि ठराव पास झाला. शिडी वॉचमनच्या केबिनमागे असते. नेताना-आणताना रबरी बूट बघून सही करायची. तिच्या पायाखाली प्लास्टिक येणार असेल तर तेवढं कापून काढायचं, आणि सामान एका खोलीत हलवून दुसरी पूर्ण मोकळी करून द्यायची. हे घरमालकाचं काम, पेंटरचं नव्हे, असं रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

दादा आता गावी आहेत. मुंबईत हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेतून कॅलिपर, म्हणजे पायांना आधार देणाऱ्या पट्ट्या, करून आणले, पण गावच्या वाटेवर ते चालत नाहीत, म्हणून बहुतेक वेळ व्हीलचेअरवर असतात. पुतण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात रंगाच्या काउंटरला बसतात. किती चौरस फुटाला किती लिटर लागेल हे तोंडी सांगतात. वहिनी रोजगाराला जातात. मध्ये फोन आला होता, बसून बसून माकडहाडावर लालसर झालंय म्हणून. मी म्हटलं, फोटो पाठवा, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलताय ना? गिऱ्हाईक असलं की राहून जातं म्हणाले. गिऱ्हाईक असतानाही उचला, म्हटलं.

गेल्या दिवाळीत आमच्याच घरी काम काढलं होतं. आलेल्या पेंटरने ती शिडी फिरवून फिरवून बघितली, वर चढून कठड्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, चांगली हाय, पण हिच्यावर काम हळू व्हतंय. सारखी सरकवायला लागंल. मला दर परवडायचा नाही." त्याने चौरस फुटामागे दर वाढवून मागितला. आम्ही दिला. काम तीन दिवस उशिरा, नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी संपलं.